वेस्टर्न स्विंग आणि कंट्री संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्री संगीत आवडीने ऐकणारे मराठी श्रोते वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. काही टेक्सस-कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत, काही इथेच बसून जुन्या रेकॉर्डी धुंडाळतात. जॉर्ज स्ट्रेट किंवा विली नेल्सन ऐकता ऐकता कधीतरी ‘वेस्टर्न स्विंग’ हे नाव कानावर पडतं आणि मग प्रश्न सुरू होतात. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वेस्टर्न स्विंग म्हणजे नेमकं काय? ते कंट्रीच ना?

हे नाचासाठी केलेलं संगीत आहे. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. १९३० च्या दशकात टेक्सस आणि ओक्लाहोमात शनिवारी रात्री डान्स हॉल भरायचे. समोरच्या गर्दीला तासन् तास नाचतं ठेवणं हे बँडचं काम. त्यासाठी गावाकडच्या फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) चाली, ब्लूज, जॅझ, पोल्का, मेक्सिकन सीमेवरच्या सुरावटी, रेडिओवरची ताजी गाणी असं जे काही पाय हलवेल ते सगळं या मंडळींनी घेतलं. फिडल, गिटार, बँजो, डबल बेस, पियानो आणि स्टील गिटार (आडवी ठेवून वाजवायची, प्रश्न १३ पाहा) एकत्र आले. मोठ्या बँडमध्ये पुढे ड्रम, सॅक्सोफोन, ट्रम्पेटही आले.

कंट्री म्हणायचं का, याचं उत्तर काळावर अवलंबून आहे. त्या वेळच्या अनेक वादकांना ‘हिलबिली’ (डोंगराळ भागातला गावंढळ) म्हटलेलं अजिबात खपत नसे. आपण जॅझ वाजवतो असंच ते सांगत. ‘वेस्टर्न स्विंग’ हे नावही १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात रूढ झालं, म्हणजे संगीत जन्मल्यानंतर दहाएक वर्षांनी. आज मात्र कंट्रीच्या इतिहासातून हे प्रकरण काढलं तर पुढचं काहीच नीट लागत नाही.

२. याची सुरुवात कुठे झाली? सगळे बॉब विल्सचंच नाव घेतात, पण पहिला तोच का?

सुरुवात टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ शहरात झाली, आणि तीही पिठाच्या जाहिरातीतून. १९३१ मध्ये बरस मिल या पिठाच्या गिरणीने रेडिओवर आपलं पीठ खपवायला एक बँड ठेवला. त्याचं नाव लाइट क्रस्ट डोबॉइज. त्यात फिडलवर बॉब विल्स होता आणि गायला मिल्टन ब्राउन. गिरणीचा व्यवस्थापक डब्ल्यू. ली ओडॅनियल रेडिओवर निवेदन करायचा. त्या प्रसिद्धीच्या जोरावर तो पुढे टेक्ससचा गव्हर्नर आणि नंतर सिनेटर झाला. पण पोरांनी डान्स हॉलमध्ये वाजवलेलं त्याला चालत नव्हतं. त्यावरून खटका उडाला आणि १९३२ मध्ये मिल्टन ब्राउन बाहेर पडला.

त्याने ‘म्युझिकल ब्राउनीज’ काढली. फोर्ट वर्थच्या क्रिस्टल स्प्रिंग्ज डान्स हॉलमध्ये त्यांनी जे उभं केलं त्यात या संगीताचा पूर्ण साचा दिसतो: जॅझचा पियानो, दोन फिडलं, तालावर तरंगणारा गायक आणि वीज जोडलेली स्टील गिटार. त्यामुळे ‘पहिला कोण’ याला माझं उत्तर मिल्टन ब्राउन हेच आहे. एप्रिल १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर तो गेला, तेव्हा तो जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. तो जगता तर हा प्रश्न बहुधा कोणी विचारलाच नसता.

३. मग बॉब विल्सचं मोठेपण कशात?

त्याने बँड चालवला, वाढवला आणि टिकवला. विल्सचा जन्म १९०५ चा. कापूस वेचणाऱ्या शेतकरी घरातला. बाप जॉन विल्स फिडलवर नावाजलेला. शेतात शेजारी काळी कुटुंबं राबायची आणि त्यांची गाणी पोराच्या कानावर पडत होती. ब्लूज गायिका बेसी स्मिथला ऐकायला आपण घोड्यावरून पन्नासेक मैल गेलो होतो, हे विल्स स्वतः सांगायचा. टर्की नावाच्या छोट्या गावात त्याने न्हाव्याचं कामही केलं.

१९३४ मध्ये तो ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात आला. केव्हीओओ रेडिओवर रोज दुपारी कार्यक्रम आणि केन्स बॉलरूममध्ये नाच, असा त्याचा परिपाठ पडला. बँडचं नाव टेक्सस प्लेबॉइज. १९४० च्या सुमारास तो पूर्ण ब्रासचा (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा) ताफा असलेला मोठा बँड झाला होता.

मंचावर विल्स काय करायचा ते बघण्यासारखं आहे. दातात सिगार. हातातल्या फिडलच्या गजाने तो वादकाकडे बोट दाखवल्यासारखी खूण करायचा आणि त्या वादकाने तिथल्या तिथे सोलो घ्यायचा. गाणं चालू असताना मध्येच ‘आहा’ अशी उंच किंकाळी, वादकाचं नाव घेऊन हाक, गायकाच्या ओळीवर शेरा. १९३५ च्या पहिल्या रेकॉर्डिंगला निर्माता आर्ट सॅथर्लीला या आरोळ्या आणि ब्रास दोन्ही खटकले होते. विल्सने ऐकलं नाही. आज तो आवाज हीच त्या रेकॉर्डींची ओळख आहे.

४. आजच्या कंट्री गाण्यात ऐकू येणारं नेमकं काय तिथून आलं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मला तर वाटतं, वेस्टर्न स्विंगचा खरा वारसा एखाद्या ‘शैली’पेक्षा कंट्री बँडच्या रचनेतच जास्त आहे. बँडमध्ये कोण कुठे उभं राहतं, कोणी कधी वाजवायचं, ठेका कोणी धरायचा, हे सगळं तिथे ठरलं.

आधी ड्रम. १९३५ मध्ये विल्सने स्मोकी डेकस हा ड्रमर घेतला, तेव्हा तंतुवाद्यांच्या गावठी बँडमध्ये ड्रम कोणी बघितले नव्हते. हॉल मोठे होते, गर्दी गोंगाट करायची, आणि ठेका मागच्या भिंतीपर्यंत पोचवायचा होता.

मग विजेवर चालणारी स्टील गिटार. ब्राउनीजच्या बॉब डनने जानेवारी १९३५ मध्ये ती रेकॉर्डवर वाजवली. कंट्री संगीतात विजेवर चालणाऱ्या तंतुवाद्याचं हे पहिलं ध्वनिमुद्रण मानलं जातं. डनचं वादन आजही दचकवतं. हवाईयन हेलकावे सोडून तो ट्रॉम्बोनसारखे तुटक, धसमुसळे वाक्यखंड फेकत जातो. विल्सकडे लिऑन मॅकऑलिफ आला आणि १९३६ मध्ये त्याने स्टील गिटारला आघाडीचं वाद्य केलं. आज कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधल्या दोन मानांच्या (तारांच्या दोन पट्ट्यांच्या) पेडल स्टीलवर, म्हणजे पायाने सूर बदलता येणाऱ्या स्टील गिटारवर, एक मान ई-नाइन जुळणीत लावलेली असते आणि दुसरी सी-सिक्सथमध्ये. ही दुसरी मान खास स्विंगसाठी. म्हणजे वाद्याच्या लाकडातच हा इतिहास बसवलेला आहे.

तिसरी गोष्ट गिटारची साथ. एल्डन शॅम्बलिन साध्या तीन कॉर्डांच्या गाण्यातही दर दोन मात्रांना कॉर्ड बदलत जायचा, खालच्या तारेवर बेससारखी चालती ओळ ठेवून. ऐकताना गाणं साधंच वाटतं, पण आतून ते सतत सरकत असतं. नंतरच्या टेक्ससच्या गिटारवाल्यांनी हे त्याच्याकडूनच उचललं.

आणि सोलो. गायक थांबला की फिडल, मग स्टील, मग गिटार, अशी पाळीपाळीने सोलो घ्यायची पद्धत जॅझमधून आली. जोडीने सुरात वाजणारी दोन फिडलंही इथलीच. नुसत्या ठेक्याविषयी प्रश्न ७ पाहा.

५. ग्रँड ओल ऑप्रीवर ड्रमला बंदी होती आणि विल्सने ती मोडली, हे खरं का?

नॅशव्हिलच्या ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात ड्रम चालत नसत हे खरं. डिसेंबर १९४४ मध्ये विल्सचा बँड तिथे ड्रमसह वाजवून गेला हेही खरं. ड्रम पडद्याआड ठेवा म्हटल्यावर विल्सने ते पुढे आणायला लावले, हा पुढचा भाग मात्र वेगवेगळे लोक वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. बंदी त्या रात्री मोडली नाही. ऑप्रीच्या मंचावर पूर्ण ड्रमसेट रुळायला १९७० चं दशक उजाडलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओंनी मात्र त्याच्या कितीतरी आधी ड्रम घेतले होते.

६. वादकांचं समजलं. गीतकारांवर काय परिणाम झाला?

याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, पण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं हेच वाटतं.

नाचाच्या हॉलमधलं गाणं दु:खाचं असू शकतं, रडकं असून चालत नाही. जोडपी फिरत असतात. शब्द काहीही सांगोत, पाय थांबता कामा नयेत. यातून लिहिण्याची एक शिस्त आली. ओळ छोटी, बोलण्यातली, एका दमात समजणारी. मनातलं दु:ख दोन शब्दांत सांगून मोकळं व्हायचं, कारण लगेच स्टील गिटार येणार आहे आणि उरलेलं ती बोलणार आहे. काळीज फाटलेलं आणि ठेका हसरा, हा जो कंट्रीचा हुकमी मेळ आहे तो या हॉलमध्ये घडला.

ह्यूस्टनकडच्या बँडमधली माणसं बघा. फ्लॉइड टिलमन आणि टेड डॅफन दोघेही ‘ब्लू रिज प्लेबॉइज’ या वेस्टर्न स्विंग बँडमधले. टिलमनने पुढे विवाहबाह्य प्रेमाच्या अपराधी भावनेवर उघडपणे लिहिलं. डॅफनने १९३९ मध्ये ट्रक ड्रायव्हरवर गाणं लिहिलं आणि ‘ट्रकवाल्यांची गाणी’ हा अख्खा प्रकार तिथून सुरू झाला. ते गाणं आधी क्लिफ ब्रूनरच्या बँडने रेकॉर्ड केलं, तोही मिल्टन ब्राउनकडे फिडल वाजवून आलेला. आज ज्याला आपण हाँकी-टाँक म्हणतो, दारूच्या गुत्त्यात ज्यूकबॉक्सवर वाजणारं विरहाचं गाणं, त्याचे पहिले लेखक असे स्विंग बँडमधून आलेले आहेत.

सिंडी वॉकरविषयी पुढे प्रश्न ८ मध्ये वेगळं लिहिलं आहे.

७. हाँकी-टाँक गायक रे प्राइसचा ‘शफल’ ठेका म्हणजेच वेस्टर्न स्विंग का?

नाही, पण नातं अगदी जवळचं आहे. स्विंगमध्ये मात्रेचे दोन सारखे भाग होत नाहीत, पहिला लांब आणि दुसरा आखूड. त्यामुळे ठेक्याला लचक येते. जुन्या हाँकी-टाँक गाण्यांत बेस बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडायचा. रे प्राइसने १९५६ मध्ये ‘क्रेझी आर्म्स’मध्ये बेसला चारही मात्रांवर चालवलं, वर ड्रमचा लांब-आखूड शफल ठेवला आणि एकेरी फिडल. गाणं तब्बल वीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. चालता बेस आणि लचक स्विंगची. पण ब्रास गेले, सोलो आखडले, गायक मध्यभागी आला.

प्राइसला हे ऋण मान्य होतं. १९६२ मध्ये त्याने अख्खी तबकडी बॉब विल्सच्या गाण्यांची काढली. त्याच्या ‘चेरोकी काउबॉइज’ बँडमधून विली नेल्सन, रॉजर मिलर, जॉनी पेचेक असे लोक बाहेर पडले. त्यांच्या गाण्यांतून ही लचक पुढच्या पिढीत गेली.

८. सिंडी वॉकर कोण? तिचं नाव फार कमी वाचायला मिळतं.

मिळायला हवं. टेक्ससची ही गीतकार १९४० च्या दशकात हॉलिवूडमध्ये होती आणि बॉब विल्ससाठी तिने पन्नासच्या आसपास गाणी लिहिली. विल्सच्या बँडचा आवाज डोक्यात ठेवून ती लिहायची. कुठे गायकाला श्वास मिळेल, कुठे स्टीलला जागा हवी, हे तिच्या ओळींच्या लांबीतच दिसतं. ‘बबल्स इन माय बिअर’ घ्या. माणूस गुत्त्यात बसलाय, पेल्यातले बुडबुडे बघतोय आणि त्यात त्याला आपलं वाया गेलेलं आयुष्य दिसतंय. एवढंच चित्र, त्यात एकही मोठा शब्द नाही. आणि त्यावर लोक नाचत होते.

१९४१ मध्ये विल्सने रेकॉर्ड केलेलं तिचं ‘चेरोकी मेडन’ कंट्री गायक मर्ल हॅगर्डने १९७६ मध्ये पुन्हा गायलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. एडी अर्नल्डसोबत लिहिलेलं तिचं ‘यू डोन्ट नो मी’ रे चार्ल्सने गाऊन जगभर नेलं. १९९७ मध्ये ती कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आली. २००६ मध्ये ती गेली, त्याच वर्षी विली नेल्सनची फक्त तिच्या गाण्यांची तबकडी निघाली होती.

९. मर्ल हॅगर्ड आणि बॉब विल्स यांची गोष्ट काय आहे?

हॅगर्डचे आईवडील ओक्लाहोमा सोडून १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डकडे आले. धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उठलेल्या हजारो कुटुंबांपैकी एक. ही माणसं आपल्यासोबत बॉब विल्सची आवडही घेऊन आली होती, आणि १९४३ नंतर खुद्द विल्सही कॅलिफोर्नियात राहायला आला. तेव्हा हॅगर्डच्या दृष्टीने विल्स म्हणजे मागे सुटलेल्या गावाचा आवाज होता.

१९७० मध्ये हॅगर्ड कीर्तीच्या शिखरावर होता. त्या वेळी बाजारात वेस्टर्न स्विंगला काडीची किंमत नव्हती. तरी त्याने विल्सला वाहिलेली पूर्ण तबकडी केली. त्यासाठी तो काही महिन्यांत फिडल शिकला, आणि जॉनी ली विल्स, एल्डन शॅम्बलिन, टायनी मूर, जॉनी गिम्बल अशा सहा जुन्या प्लेबॉइजना आपल्या बँडशेजारी बसवलं. पुढे शॅम्बलिन आणि मँडोलिनवादक टायनी मूर यांना त्याने आपल्या ‘स्ट्रेंजर्स’मध्येच घेतलं. हॅगर्डच्या १९७० च्या दशकातल्या रेकॉर्डींत गिटार आणि मँडोलिन एवढे मोकळे का वाटतात, याचं कारण हे.

डिसेंबर १९७३ मध्ये डॅलसला विल्सचं शेवटचं रेकॉर्डिंग झालं. पक्षाघातामुळे विल्सला फिडल धरता येत नव्हतं. व्हीलचेअरवर बसून तो जुन्या साथीदारांचं वादन ऐकत होता, मध्येच क्षीण आवाजात ती ओळखीची आरोळी देत होता. पहिल्या दिवसानंतर रात्री त्याला पुन्हा झटका आला आणि तो शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी हॅगर्ड पोचला. वादकांनी काम पूर्ण केलं. आरोळ्या देण्याची जबाबदारी टेक्ससचा फिडलवादक होयल निक्सने घेतली. विल्सचं निधन १३ मे १९७५ ला झालं. ही तबकडी ऐकताना पहिल्या आणि दुसऱ्या दिवशीची गाणी कानाने वेगळी करता येतात. खुद्द विल्सचा आवाज कुठे आहे हे एकदा कळलं की पुन्हा तसंच ऐकता येत नाही.

१०. विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्स तर ‘आउटलॉ’, म्हणजे कंट्रीतले बंडखोर. ते परंपरेच्या विरुद्ध होते ना?

ते नॅशव्हिलच्या स्टुडिओपद्धतीच्या विरुद्ध होते. टेक्ससच्या डान्स हॉलची परंपरा त्यांना पाठीशी हवीच होती. विलीने १९७३ च्या ‘शॉटगन विली’मध्ये विल्सची दोन गाणी घेतली. त्याचं गाणं ठेक्याच्या जरा मागेपुढे रेंगाळतं, ते जॅझ गायकांसारखं आहे, आणि ते त्याने लहानपणापासून या बँडच्या सावलीत ऐकलेलं आहे.

वेलनने ऑस्टिनमध्ये श्रोत्यांसमोर एक गाणं म्हटलं, त्याचा सारांश असा: ऑस्टिनमध्ये विली कितीही मोठा असो, राजा अजून बॉब विल्सच. गंमत म्हणजे त्या गाण्याचा ठेका स्विंगचा नाही, तो वेलनचा नेहमीचा धडधडता ठेका आहे. आदर दाखवायला नक्कल करावी लागत नाही. २००६ मध्ये रोलिंग स्टोन्सनी ऑस्टिनला तेच गाणं गायलं.

११. जॉर्ज स्ट्रेटला वेस्टर्न स्विंगचा वारसदार का म्हणतात?

कारण १९८० च्या दशकात कंट्री पॉपकडे झुकलेलं असताना त्याने दोन फिडलं आणि स्विंगचा ठेका परत रेडिओवर आणला, आणि लोकांनी ते उचलून धरलं. त्याचा ‘एस इन द होल’ बँड टेक्ससच्या सॅन मार्कसमधला, डान्स हॉलमध्ये तयार झालेला. १९८४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्याचं ‘राइट ऑर राँग’ मिल्टन ब्राउन आणि बॉब विल्स दोघांनीही १९३६ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. मूळ गाणं तर १९२१ चं. १९८७ चं ‘ऑल माय एक्सेस लिव्ह इन टेक्सस’ हे नवीन लिहिलेलं गाणंही त्याच चालीत बसवलेलं आहे. स्ट्रेट त्यात काहीच ठळक करत नाही, नुसता सहज गातो, आणि तेच अवघड आहे.

१२. ब्लूज आणि जॅझ काळ्या कलावंतांचे. मग वेस्टर्न स्विंगमध्ये त्यांना श्रेय मिळालं का?

फार कमी मिळालं. हे स्पष्ट लिहिलंच पाहिजे. विल्सने १९३५ मध्ये रेकॉर्ड केलेलं ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ मिसिसिपी शीक्स या काळ्या तंतुवाद्य बँडचं १९३० चं गाणं. बेसी स्मिथवरची त्याची भक्ती खरी होती. पण ज्या हॉलमध्ये ही गाणी वाजायची तिथे वर्णभेदामुळे काळे श्रोते नव्हते आणि मंचावर काळे वादकही नव्हते. विल्सने फोर्ट वर्थमध्ये सुरुवातीला तोंडाला काळं फासून औषधविक्रीच्या तमाशात कामही केलेलं आहे. त्याच्या टल्सावरच्या प्रसिद्ध गाण्यात कापूस पिकवणारा एक आणि पैसा नेणारा दुसरा अशी ओळ आहे. मूळ ओळीत काळ्यांसाठी अपमानकारक शब्द होता, नंतर तिथे ‘गरीब पोरगा’ आला. अन्याय ओळखणारी ओळ आणि अपमान करणारा शब्द एकाच ठिकाणी होते. दोन्ही लक्षात ठेवून ऐकावं.

१३. स्टील गिटार हवाईयन ना? जुन्या हिंदी गाण्यांतही तशीच ऐकू येते. काही संबंध आहे का?

मूळ एक आहे, वाटा वेगळ्या. गिटार आडवी ठेवून तारेवर धातूचा तुकडा सरकवायची पद्धत हवाई बेटांवर आली. तिचं श्रेय जोसेफ केकुकूला दिलं जातं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट आली आणि टेक्ससच्या पोरांनी ते वाद्य उचललं. हिंदुस्थानात १९४० च्या दशकात कलकत्त्याला राहिलेल्या टाऊ मो या हवाईयन वादकामुळे त्याला चालना मिळाली. मुंबईत व्हॅन शिपलीने सिनेमाच्या गाण्यांच्या गिटारवरच्या तबकड्या घरोघरी पोचवल्या. म्हणजे बॉब डन आणि व्हॅन शिपली एकाच कुळातले, एकमेकांकडून शिकलेले नव्हेत.

स्विंगचंही तसंच आहे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याच्या आल्दोनचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जो ठेका धरला तो अमेरिकन स्विंगच, पण जॅझ बँडकडून थेट आलेला. तरी काम सारखंच होतं: आपल्या लोकांना माहीत असलेली चाल घ्यायची आणि तिला नाचरं करायचं. हे ऐकलेल्या मराठी कानाला बॉब विल्स लगेच ओळखीचा वाटतो.

१४. रॉक अँड रोलशी याचा संबंध जोडतात, तो ओढूनताणून आहे का?

नाही. रॉक अँड रोल गायक बिल हेलीचा आधीचा बँड ‘फोर एसेस ऑफ वेस्टर्न स्विंग’ या नावाचा होता. चक बेरीचं १९५५ चं ‘मेबलीन’ उभं राहिलं ते ‘आयडा रेड’ या जुन्या फिडलच्या गाण्यावर, जे विल्सने १९३८ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरच्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गिटारी कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्विंग वादकांनी हाताळून, तक्रारी सांगून सुधारून घेतल्या. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९९९ मध्ये विल्स आणि प्लेबॉइजना घेतलं ते याच हिशेबाने.

१५. एवढं लोकप्रिय होतं तर मग संपलं कशामुळे?

मोठे बँड परवडेनासे झाले. १९४४ मध्ये नाच असलेल्या ठिकाणांवर केंद्र सरकारने ३० टक्के कर लावला, तो नंतर २० टक्के झाला, तरी हॉलमालकांचं कंबरडं मोडलं. मग टीव्ही आला, लोक घरी बसले. रॉक अँड रोलने तरुण नेले. हँक थॉम्पसनसारख्यांनी मधला मार्ग काढला: बँड स्विंगचा, गाणं हाँकी-टाँकचं. १९५२ मध्ये त्याचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ पंधरा आठवडे पहिलं होतं. मोठे बँड संपले, पण त्यांची वाजवायची पद्धत छोट्या बँडमध्ये उतरली.

१६. स्पेड कूलीचं नाव का टाळतात?

लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिसच्या धक्क्यावरचा हॉल कूली भरायचा. ‘वेस्टर्न स्विंगचा राजा’ ही उपाधी आधी त्यालाच लावली गेली होती. १९६१ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली. म्हणून लोक नाव घ्यायला कचरतात, आणि ते समजण्यासारखं आहे. इतिहासात मात्र त्याचा बँड गाळता येत नाही. स्टीलवादक वाकिन मर्फी आणि गायक टेक्स विल्यम्स तिथूनच पुढे आले.

१७. फिडल आणि स्टील गिटार ऐकू आली की वेस्टर्न स्विंग समजायचं का?

नाही, इथेच गोंधळ होतो. ब्लूग्रास या कंट्रीच्याच तंतुवाद्यांवरच्या प्रकारात फिडल असतं, पण ड्रम नसतात आणि ठेका मात्रेच्या पुढे ढकलणारा असतो. काउबॉय सिनेमातली गाणी नावाने ‘वेस्टर्न’ असतात, पण त्यांचा नाचाशी संबंध नसतो. जँगो राइनहार्टचा पॅरिसचा जॅझ ऐकायला जवळचा वाटतो, तोही व्हायोलिन-गिटारचाच, पण तिथे स्टील नाही आणि फिडलच्या गावठी चाली नाहीत. उलट विल्सच्या १९४० च्या मोठ्या बँडच्या रेकॉर्डींत ब्रासच पुढे असतो, तरी ते वेस्टर्न स्विंग आहे. वाद्यं मोजू नका, ठेका बघा. लचक आहे का, बेस चालतोय का, आणि गायक थांबल्यावर वादक स्वतःचं काही रचतात का.

१८. आज हे संगीत कोण वाजवतं? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

टेक्ससने २०११ मध्ये वेस्टर्न स्विंगला राज्याचं अधिकृत संगीत केलं. टर्की गावात दर एप्रिलअखेर बॉब विल्स दिवस होतो, आणि टल्साचं केन्स बॉलरूम अजून चालू आहे. १९७० मध्ये रे बेन्सनने काढलेला ‘अस्लीप अॅट द व्हील’ हा या प्रकारातला सगळ्यात टिकाऊ बँड. १९९३, १९९९ आणि २०१५ मध्ये त्यांनी बॉब विल्सवर तीन तबकड्या केल्या आणि दर वेळी नव्या पिढीचे कंट्री गायक बोलावले. हॉट क्लब ऑफ काउटाउन छोट्या संचात वाजवतात. नॅशव्हिलचे टाइम जम्पर्स म्हणजे मुरलेल्या स्टुडिओ वादकांचा मेळा, त्यात बराच काळ व्हिन्स गिलही होता.

सुरुवात ‘टिफनी ट्रान्सक्रिप्शन्स’पासून करा. १९४६-४७ मध्ये विल्सच्या बँडने कॅलिफोर्नियात रेडिओसाठी केलेली ही रेकॉर्डिंगं आहेत. वेळेचं बंधन सैल, ब्रास जवळपास नाही, त्यामुळे वादक हात मोकळे सोडून वाजवतात. त्यानंतर बॉब डनसाठी मिल्टन ब्राउन १९३५. मग ‘फेडेड लव्ह’ दोनदा: विल्सचं १९५० चं, ज्याची चाल त्याच्या वडिलांच्या फिडलवरून आली, आणि कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनने १९६३ च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या महिनाभर आधी गायलेलं. पहिल्यात दोन फिडलं जिथे शिरतात, दुसऱ्यात तिथे व्हायोलिनांचा ताफा आहे. अगदी शेवटी पॅट्सी श्वास घेते, तो ऐकू येईल एवढा आवाज मोठा ठेवा.